सात जपानी किटल्या आणि आठवी मोरगावची

अर्जुनी मोरगावला बदली झाली तेव्हा खोली बघायला मी ज्या घरी गेलो, त्या घराच्या मालकांनी मला तीन प्रश्न विचारले. खोलीत मटण-मच्छी शिजवणार का, मोटारसायकल कुठे लावणार, आणि दुपारी चार वाजता मी काय करत असतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी घोकून आलो होतो. तिसऱ्याला मात्र गडबडलो आणि खरं ते बोलून गेलो, "काही नाही." गुरांच्या दवाखान्यात माझी नोकरी. सगळी गर्दी सकाळची. दुपारनंतर एखादी अडलेली गाय सोडली तर मला कोणी विचारत नसे.

"मंग जमला," ते म्हणाले. "चार वाजता खाली यायचा, चहा घ्यायचा. रोज."

मला वाटलं, काय देवमाणूस आहे! आमच्या सांगलीकडे घरमालक पाणी देतानाही तोंड वाकडं करतात, आणि इथे रोजचा चहा. माझ्याआधीचा भाडेकरू एसटीत कंडक्टर होता आणि त्याने वरच्या साहेबाच्या हातापाया पडून दुपारची ड्युटी मागून घेतली होती, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

पहिल्या दिवशी बरोबर चारला मी खाली गेलो. ओसरीत पाटावर मातीची एक लालसर किटली ठेवली होती. दोन्ही तळव्यांत मावेल एवढी. तिचा दांडा मागच्या बाजूला नव्हता, कुशीतून निघाला होता. घरमालकांनी, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणे, पाणी गरम केलं, ते एका कपातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतलं, बोट बुडवून पाहिलं, मान हलवली आणि थांबले. मीही थांबलो. मग किटलीत चिमूटभर हिरवा पाला, त्यावर ते पाणी, वर झाकण. परत थांबले. शेवटी भातुकलीतल्यासारख्या दोन कपांत पोपटी रंगाचं काहीतरी आलं. ना दूध, ना साखर.

मी जनावरांतला माणूस. हिरवा चारा खड्ड्यात दाबून मुरवला की त्याला जो वास येतो तो मला झोपेतही ओळखता येतो. मी घोट घेतला.

"कसा आहे?" काकाजींनी विचारलं. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की जणू त्यांचा दहावीचा निकाल माझ्या कपाळावर लागणार होता.

"छान आहे," मी म्हणालो.

दोन शब्द. त्या दोन शब्दांपायी मी चार वर्षं रोज दुपारी चार वाजता मुरघास प्यायलो. अख्ख्या गावात त्या चहाला छान म्हणणारा मी पहिला आणि एकटाच माणूस निघालो, आणि असा माणूस काकाजी सोडणार थोडेच! चहा झाला की मी मागच्या दाराने वर जायला निघायचो. तिथे पायरीवर काकी, म्हणजे काकाजींच्या पत्नी, स्टीलच्या ग्लासात आलं-साखर घालून रटरट उकळलेला दुधाचा चहा घेऊन उभ्या असायच्या. "घ्या डॉक्टर," त्या हळूच म्हणायच्या, "तोंड धुवा."

त्या घरात अशी दोन सरकारं होती. स्वयंपाकघरात काकींचं, ओसरीत काकाजींचं. दोघांच्या शेगड्याही वेगळ्या होत्या.

काकाजी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्याच्या धानाला पाणी सोडण्यात आणि न सोडण्यात गेला. अंगाने काटक, पांढरी पॅन्ट कायम इस्त्रीची, कानावर केस. रस्त्याने जाताना नालीत पाणी तुंबलेलं दिसलं की थांबून काठीने वाट करून देत आणि मगच पुढे जात. नोकरीत असताना त्यांचा संताप तालुक्याला ठाऊक होता. रात्री चोरून कालव्याचं दार उघडून पाणी वळवणाऱ्यांना त्यांनी बांधावरून पळवलं होतं. त्या माणसाचं उतारवयात एकच तत्त्व उरलं होतं, आणि ते त्यांना चहाने शिकवलं होतं: "उकळला म्हंजे बिघडला." हिरव्या चहाला उकळतं पाणी चालत नाही, पाला करपतो आणि कडू होतो. एवढंच त्याचं मूळ. पण काकाजी ते सगळीकडे लावत. ग्रामसभेत दोघांची जुंपली की मागून आवाज येई, "उकळला म्हंजे बिघडला!" नवरा-बायकोचं भांडण, पोराचा दहावीचा अभ्यास, शेजारच्यांची वरण शिजवायची पद्धत, सगळ्याला तेच. काकींचं वरण मात्र ते मुकाट्याने खात, कारण तिथे त्यांचं सरकार नव्हतं.

हे खूळ शिरलं कुठून, त्याची हकिगत काकी सांगायच्या. त्यांची एकुलती एक लेक आणि जावई जपानात नोकरीला. लेकीच्या बाळंतपणाला दोघं तिकडे गेले. काकींना तिथे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. डिंक भाजा, बाळाला न्हाऊ घाला, जावयाला पोळ्या करा. काकाजींना काही म्हणजे काहीच काम नव्हतं. तिथले कालवे आपोआप वाहत होते, कोणाचं दार उघडायचं राहिलं नव्हतं. फिरता फिरता ते एका कुंभारवाड्यात पोचले. तिथे एक म्हातारा कुंभार अशा किटल्या घडवत बसलेला असे. काकाजी त्याच्या उंबऱ्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी परत गेले. असं दीड महिना चाललं. ना यांना त्याची भाषा येत होती, ना त्याला यांची.

"येताना यायनं माझं सामान काढून ठेवलं अन् किटल्या भरल्या," काकी सांगायच्या. "सात! माझ्या लुगड्यात गुंडाळून. माझा कुकर तिथंच राह्यला. अजून जपानातच आहे तो."

त्या सात किटल्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होत्या. इतरांच्या घरी तिथे लेकराचे कप, मेडल आणि नाचणारी बाहुली असते. काकाजींकडे किटल्या, प्रत्येकीखाली वेगळं फडकं. एक पावसाळी हवेची, एक पाहुण्यांची, एक नव्या पाल्याची. एक अशी होती की तिच्यात ते फक्त एकटे असताना चहा करत, का ते त्यांनाही सांगता येत नसे. साबण लावायची सक्त मनाई. नुसत्या गरम पाण्याने विसळायची, फडक्याने पुसायची, पुसताना तळहाताने जरा चोळायची. चहा पिऊन पिऊन मातीला चकाकी येते म्हणे. काकींनी एकदा सणासुदीला सगळं घर घासून काढताना पाहुण्यांच्या किटलीला भांड्यांची पावडर लावली. काकाजी उकळले नाहीत. ती किटली पुढ्यात घेऊन दोन दिवस नुसते बसले. काकी म्हणाल्या, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाण्याच्या उष्णतेवर त्यांचा जीव. थर्मामीटर त्यांनी आणून पाहिला आणि बोटाइतका खरा नाही म्हणून मलाच देऊन टाकला, म्हशींचा ताप बघायला. मे महिन्यात एका दुपारी ते न्हाणीतून ओरडत आले, "डॉक्टर, सत्तर डिग्री! बरोबर सत्तर!" गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाने तापून, त्यांच्या बोटाच्या हिशेबाने, नेमकं चहाच्या उष्णतेला आलं होतं. तो महिनाभर त्यांनी शेगडी पेटवलीच नाही. नळाखाली किटली धरायची, झाकण लावायचं. काकींना मात्र दुपारी भांडी घासायला नळ मिळेना. जपानी लोकांना ही सोय नाही, याची काकाजींना मनापासून कीव येत असे.

पाहुण्यांचं काय व्हायचं ते विचारू नका. या भागात मयतीच्या घरी बिनदुधाचा कोरा चहा देतात. चूल पेटलेली नसते, दूध आणायला कोणी जात नाही, तेव्हा शेजारचे कोरा चहा करून आणतात. काकाजींच्या चुलत घराण्यातली एक म्हातारी लग्नाची पत्रिका घेऊन आली. काकाजींनी मोठ्या प्रेमाने पाहुण्यांच्या किटलीतून तिला कप भरून दिला. म्हातारीने कपात पाहिलं, कपाटात पाहिलं, काकींच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढून अगदी हळू विचारलं, "कोन गेला जी?"

काकाजींचा त्या लग्नात पुढे मान राहिला खरा, पण त्या दिवशी म्हातारी पत्रिका तशीच परत घेऊन निघाली होती. सुतकाच्या घरी अक्षत कशी ठेवायची? काकींनी तिला मागच्या दाराने आत नेलं, दुधाचा चहा पाजला आणि घरात सगळे जिवंत असल्याची खात्री करून दिली.

आता शब्दाची गोष्ट. सात किटल्यांपैकी सगळ्यात चांगली त्या जपानी कुंभाराने काकाजींना आपणहून हातात दिली होती. निरोपाच्या दिवशी लेक सोबत होती, ती दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होती. म्हाताऱ्याने विचारलं, तुमच्या गावात माती कशी आहे? काकाजी म्हणाले, तलावाची, काळी, लोण्यासारखी. म्हातारा म्हणाला, त्या मातीची किटली मी बघितलेली नाही. काकाजी म्हणाले, मी पाठवतो. शब्द दिला.

शब्द देऊन पाच वर्षं झाली होती. त्या डिसेंबरात लेक तीन आठवड्यांसाठी आली आणि तिने सहज सांगितलं, म्हाताऱ्याला ऐंशी उलटलीत, भेटला की विचारतो, तुझ्या वडलांची किटली कधी येणार? काकाजींनी कप खाली ठेवला. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. लेक परत निघायच्या आत मोरगावच्या मातीची किटली व्हायला हवी होती.

गावापासून कोसभर कुंभारटोली. तिथे आता चाक फिरवणारा एकच माणूस उरलेला, सुकरू. काकाजींच्याच वयाचा, अंगाने निम्मा. त्याच्या माठांना गोंदियाहून गिऱ्हाईक येई. मी मोटारसायकलवर काकाजींना घेऊन गेलो. त्यांनी मांडीवरच्या फडक्यातून ती जपानी किटली काढून सुकरूच्या हातात दिली. सुकरूने ती उलटसुलट केली, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि माझ्याकडे वळला.

"ढोराले औषद पाजाची झारी आहे का जी?"

"चहाची आहे," काकाजी म्हणाले.

सुकरूने झाकण काढून आत पाहिलं. तोटीच्या बुडाशी, आतल्या बाजूला, मातीतच बारीक बारीक भोकांची चाळण केलेली असते. त्यातून चहा येतो, पाला आत राहतो. तिथे बोट ठेवून सुकरू म्हणाला, "हे भोकं कायले?"

"पाला गाळाले."

"घरी गाळणी नाही काय सायेब? मी देतो एक."

काकाजींनी त्याला सगळं समजावलं. सुकरूने सगळं ऐकून घेतलं आणि किटली परत त्यांच्या मांडीवर ठेवली. "पाण्याच्या भांड्याले भोक मसनात पाडतात," तो म्हणाला. "तोही आमी नाही पाडत. मडका आमी साबूत देतो, भोक लोकं पाडतात गोट्यानं. माझ्या बापानं नाही पाडला, आज्यानं नाही पाडला. मी कायले पाडू?"

"गरब्याच्या मडक्याले पाडता ना?"

"त्यात दिवा राहते. पाणी राहते का?"

काकाजी किटली फडक्यात गुंडाळू लागले. सुकरूचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. "आन् माती कोन देईन? तुमीच त म्हणले होते सायेब, तलावाचा गाळ सरकारचा आहे. माझी बंडी उलटी केली होती तुमी. भरली बंडी."

मला हे माहीत नव्हतं. काकाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते खरं असल्याचं कळलं. वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा कागदावर गाळ काढायला मनाई आहे असं वाचून या गृहस्थांनी कुंभारांच्या बैलबंड्या तलावाच्या पाळीवर रिकाम्या करायला लावल्या होत्या. कुंभारांनी त्या वर्षी दुसऱ्या गावाहून माती आणली होती. काकाजी आपल्या इस्त्रीच्या पॅन्टची शिवण बघत बसले.

"तवा मी उकळून राह्यलो होतो, सुकरू," ते शेवटी म्हणाले. "माझी चूक होती."

सुकरूने बिडी विझवली. सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं असावं. मीही सरकारी नोकर आहे, मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"घडवून देतो," तो म्हणाला. "माती तुमी काढा, तलावात उतरून. आन् भोकं तुमी पाडा. तुमचा भांडा, तुमचा पाप."

दुसऱ्या दिवशी निवृत्त कालवा निरीक्षक पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तलावात उतरले आणि घमेल्याने गाळ काढू लागले. पाळीवरून जाणारे थांबून बघत. एकाने तर विचारलं, "काकाजी, हा गाळ सरकारचा आहे ना?" काकाजींनी पुढचं घमेलं भरायला घेतलं.

सुकरूचा हात बघण्यासारखा होता. किटलीचं पोट त्याने चाकावर दोन मिनिटांत उभं केलं, तोटी वेगळी, दांडा वेगळा, झाकण वेगळं, आणि झाकण पहिल्या फटक्यात असं बसलं की जपानी म्हाताऱ्यानेही मान डोलावली असती. तोटी जोडायच्या आधी भोकं पाडायची. छत्रीची काडी घेऊन काकाजी बसत आणि सुकरू तोंड फिरवून दुसरीकडे बघत असे. पहिल्या दोन किटल्या ओल्या होत्या, काडी टोचताच पोटच आत बसलं. तिसरी जास्त वाळली होती, तडकली. प्रत्येक वेळी सुकरू तोंड न वळवता विचारायचा, "मेला का?" आणि माती परत मळायला घ्यायचा. चौथीला भोकं पडली. एक सुईएवढं, एक हरभऱ्याएवढं, दोन एकमेकांत गेलेली. काकाजींच्या कपाळावर डिसेंबरात घाम होता.

धानाच्या तणसाच्या आणि गोवऱ्यांच्या भट्टीत किटली भाजून निघाली तेव्हा लेकीच्या जाण्याला तीन दिवस उरले होते. परीक्षेला काकी, लेक, मी, आणि धुतलेलं धोतर नेसून सुकरू. काकाजींनी पाणी कपाकपांतून ओतलं, बोट बुडवलं, थांबले. पाला घातला, पाणी घातलं, झाकण लावलं, थांबले. मग कप भरायला किटली वाकडी केली. निम्मा कप भरला आणि चहा संपला.

बाकीचा किटलीनेच पिऊन टाकला होता. पाटावर तिच्याखाली ओलं कडं उमटलं होतं आणि पोटावर बारीक थेंब फुटत होते. दुसऱ्यांदा केलेला चहा पूर्ण आला, पण ओठाला लावला तर कोमट. सुकरूचा चेहरा उजळला. "पाहा! कसा थंड करते!" तो म्हणाला. जन्मभर त्याने माठ घडवले होते. माठ पाझरावा, पाणी गार व्हावं म्हणून माती कशी मळायची, त्यात काय किती मिसळायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. आपलं सगळं कसब त्याने त्या किटलीत ओतलं होतं. चहा गरम राहायला हवा, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोणाला सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो चहा पहिल्यांदाच आवडला. नव्या माठातल्या पाण्याची चव येत होती.

सुकरू खूश होऊन गेला. काकाजींनी त्याला काही सांगितलं नाही, हात जोडून फाटकापर्यंत पोचवून आले. मग ओसरीत भिंतीला टेकून बसले.

"नागपुरात मिळतात अशा," लेक हळूच म्हणाली. "चांगल्या भाजलेल्या. जाताना एक घेऊ या का, बाबा?"

"घ्या ना," काकी म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याले काय कळते कोन्या गावची माती आहे ते."

मी तोंड मिटून बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "काकाजी, काकी बरोबर बोलतायत. त्याचं मन मोडण्यापेक्षा बरं."

काकाजी माझ्याकडे वळले. आवाज अजिबात चढला नाही.

"डॉक्टर, चार वर्षं तुमी माझ्या घरी रोज खोटा बोलून राह्यले. छान आहे, छान आहे. मागच्या पायरीवर तुमी तोंड धुता, तेही मले मालूम आहे. मी ऐकून घेतला, कारण तो चहाचा होता. हा शब्दाचा आहे."

काकी उठून आत गेल्या. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. चार वर्षं हा माणूस जाणून होता आणि तरी रोज माझ्या तोंडाकडे तशाच आशेने बघत होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

सुकरूची पाझरणारी किटली लेकीच्या हातातल्या पिशवीतून जपानला गेली. सोबत काकाजींनी चिठ्ठी दिली: माती आमच्या तलावाची, घडवणारा सुकरू कुंभार, चहा थंड होतो, माफी असावी.

जानेवारी गेला, होळी गेली. उत्तर नाही. लेक सांगायची, बाबा, किटली पोचती केली, म्हातारा काही बोलला नाही. काकाजी चारला चहा करत, पण मला कसा आहे विचारत नसत. मीही आता खरं बोलायचं ठरवलं होतं, पण विचारल्याशिवाय कसं बोलणार? धान लावून झालं, तलाव भरले, आणि एका दुपारी लेकीचा फोन आला. म्हाताऱ्याने पत्र दिलं होतं, ती वाचून मराठीत सांगणार होती. काकाजींनी फोनचा आवाज मोठा केला आणि मला लिहून घ्यायला बसवलं, एकही शब्द हरवू नये म्हणून. माझ्या खिशात लसीकरणाचे फॉर्म होते, त्यांच्या पाठीवर मी लिहिलं.

पत्रात होतं: गरम चहा हिच्यात होत नाही. मी महिनाभर प्रयत्न केला. मग ठेवून दिली. उन्हाळा आला. उन्हाळ्यात आम्ही पाला थंड पाण्यात भिजत ठेवतो. तो हिच्यात असा झाला की मी दुसरी किटली काढली नाही. पोटाची जाडी सगळीकडे सारखी आहे. घडवणारा उस्ताद आहे, त्याला माझा नमस्कार सांगा.

लेक थांबली.

"पुढं?" काकाजी म्हणाले.

"एवढंच, बाबा."

"पुढं वाच."

ती चाचरत वाचू लागली. मीही लिहावं की नाही म्हणून पेन उचलून धरला होता, पण काकाजींची नजर माझ्या कागदावर होती. मी लिहिलं: भोकं मात्र त्या हाताची नाहीत. त्यांच्या घरातल्या एखाद्या लहान लेकराने पाडली का?

काकाजींनी तो कागद माझ्या हातातून घेतला, एकदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. "गाडी काढा," ते म्हणाले.

सुकरू चाकाशी होता. काकाजींनी त्याच्यासमोर उकिडवं बसून सगळं पत्र वाचून दाखवलं. उस्ताद शब्दाशी सुकरूचं चाक थांबलं. नमस्काराशी त्याने मातीचे हात नकळत जोडले. वाचणं तिथे थांबवता आलं असतं, सुकरूला काही कळलं नसतं. काकाजींनी शेवटच्या दोन ओळीही तशाच मोठ्याने वाचल्या.

सुकरू हसू दाबत माझ्याकडे बघायला लागला. "मंग?" तो म्हणाला. "काय सांगाचा त्याले?"

काकाजींनी तिथूनच लेकीला फोन लावला. "लिहून दे त्याले," ते म्हणाले, "हो म्हणावं. लेकरानंच पाडले. लेकरू अडुसष्ट वर्षाचा आहे, अजून शिकून राह्यला."

फोन ठेवून ते उठायला लागले, तर सुकरूने ओल्या मातीचा गोळा त्यांच्या पुढ्यात टाकला. "मंग चालले कुठं सायेब?" तो म्हणाला. "बसा. आधी माती मळा."

काकाजींनी इस्त्रीच्या पॅन्टकडे एकदा पाहिलं आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले.